घरखरेदीतला तिसरा माणूस

पेशवाईच्या काळातील घराच्या किंवा मिरासीच्या विक्रीचा एखादा कागद उलगडून पाहावा, तर घेणारा आणि देणारा या दोघांपेक्षा तिऱ्हाइतांनीच त्यातील अधिक जागा अडविलेली दिसते. आरंभी शक, संवत्सर, मास आणि तिथी यांचा उच्चार होतो. मग विकणाऱ्यावर कोणती निकड ओढवली, कोणाचे कर्ज वारावयाचे होते किंवा कोणता दिवाणदेणा फेडावयाचा होता, त्याचे कथन येते. त्यानंतर चारी दिशांना कोणाची घरे, कोणती गल्ली, कोणाची पडवी, असा चतुःसीमांचा तपशील येतो. पुढे कोणा भाऊबंदाने हरकत केल्यास तिचे निवारण विकणाऱ्याने करावे, अशी हमी येते. आणि हे सर्व झाल्यावर साक्षीदारांची जी लांबलचक यादी सुरू होते, तीच त्या कागदाचा खरा प्राण असतो. गावगाड्यातील मिरासपत्रांवर तर ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही आपापली निशाणी उमटविलेली असे: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. मजकुराखाली ओळीने काढलेली ती चिमुकली चित्रे शोभेसाठी नव्हती. हे घर याच माणसाचे होते, त्याला ते विकण्याचा अधिकार होता आणि उद्या तंटा उपस्थित झाला तर आम्ही मजलशीत उभे राहून तसे सांगू, असा त्या निशाण्यांचा अर्थ होता.

पुणे शहरात या लोकसाक्षीला सरकारी नोंदीचीही जोड होती. किमतींवर नजर ठेवणे, खानेसुमारी करणे, रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे तंटे तोडणे, ही जशी कोतवालाची कामे होती, तशीच शहरात खरेदी-विक्री होणाऱ्या स्थावराची नोंद ठेवणे हेही त्याचेच काम होते. या सर्व व्यवस्थेत घरांचा दलाल म्हणून स्वतंत्र धंदा करणारा मनुष्य मात्र आढळत नाही. दलाल ही संस्था त्या काळी अपरिचित होती, असे मुळीच नाही. गुरांच्या आणि घोड्यांच्या बाजारात तो होता, कापडाच्या आणि धान्याच्या पेठेत होता, आणि हातावर रुमाल किंवा उपरण्याचे टोक टाकून त्याच्या आड बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची त्याची रीत आजही काही जनावरांच्या बाजारांतून पाहावयास मिळते. बैल परगण्याबाहेरून येतो आणि परगण्याबाहेर जातो, त्याचा घेणारा आणि विकणारा एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून तेथे दोघांनाही ओळखणारा तिसरा लागतो. घर जागचे हलत नाही, आणि त्या काळी घराचे गिऱ्हाईकही बहुधा त्याच आळीतले, त्याच गोतातले किंवा निदान त्यांच्या ओळखीतले असे. कोणते घर विकाऊ आहे आणि ते खरोखर कोणाचे आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शेजाऱ्याच्या ओटीवर एकाच वेळी मिळत.

घर घेताना दलाल धरावा की न धरावा, हा आज प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबात होणारा खल मुळातून समजून घ्यावयाचा असेल, तर हे दोन प्रश्न एकमेकांपासून केव्हा आणि कसे तुटले, हे पाहणे मला अगत्याचे वाटते. परंतु त्या जुन्या व्यवस्थेविषयी उगाच गहिवर येऊ देण्याचेही कारण नाही. जे गोत साक्ष देत होते, तेच गोत कोणाला आळीत घेऊ नये हेही ठरवीत होते. जातीने, पंथाने किंवा प्रांताने परका असलेल्या माणसाला त्याच्या गाठीस पुरेसा पैका असूनही पेठेत घर मिळणे दुरापास्त होते. अनोळखी माणसाला अनोळखी वस्तीत घर मिळवून देणारा मनुष्य निर्माण होणे ही त्या बंदिस्त व्यवस्थेला पडलेली एक फटच होती, आणि तिच्यातून पुष्कळांना उजेड दिसला, हे नाकारता येणार नाही.

ती फट प्रथम मुंबईत पडली. १६६१ च्या विवाह-तहाने पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये राजाकडून कंपनीकडे आलेले हे बेट म्हणजे जमिनीच्या हक्कांचे एक विलक्षण कडबोळे होते. पोर्तुगीज अमदानीतील जमीनदारांचे काय करावयाचे, हा प्रश्न जेराल्ड ऑंजिये या गव्हर्नराने १६७२ मध्ये रहिवाशांशी करार करून सोडविला. वर्षाला २०,००० झेराफिन कंपनीला द्यावेत आणि त्याच्या मोबदल्यात आपापल्या मिळकती निर्वेध भोगाव्यात, असा तो ठराव होता. आणि पुढे ‘पेन्शन अँड टॅक्स’ या नावाने ओळखला गेलेला धारणाप्रकार त्यातूनच निपजला. त्याच्या जोडीला फरास, टोका, इनामी, सनदी आणि फजंदारी असे नाना प्रकार होते. यांतील फजंदारीचा प्रकार तर नवख्या खरेदीदाराच्या हमखास गळ्याशी येणारा, कारण तेथे इमारत एकाची आणि तिच्याखालची जमीन दुसऱ्याची असे. घराची पूर्ण किंमत मोजून बसलेल्या माणसाला जमिनीच्या फजंदाराचे भुईभाडे मागाहून कळावे, असे प्रसंग या व्यवस्थेत अटळच होते. या बेटावर रत्नागिरीहून, सुरतेहून, कच्छहून किंवा गोव्याहून आलेल्या माणसाला ना शेजारी ओळखीचा, ना धारणाप्रकाराची परिभाषा ठाऊक. १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन याने शहराची मोजणी करून नकाशे आणि नोंदी सिद्ध केल्या, तेव्हा कुठे जमिनीच्या तुकड्याला सर्वांना पाहता येईल असा निश्चित क्रमांक आणि मालक मिळाला.

आता, मुंबई हे दलालांचेच शहर होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रजांचा व्यापार सुरतेपासूनच एतद्देशीय दलालांच्या आधारावर उभा होता; सुरतेच्या रुस्तुम माणेक या पारशी दलालाचे पैसे कंपनीकडे अडकले, तेव्हा त्याचा मुलगा नवरोजी अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात दाद मागण्यासाठी थेट विलायतेस गेला आणि आपले येणे वसूल करून परतला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव आकाशाला भिडला, त्या १८६१ ते १८६५ च्या काळात प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालाच्या शब्दावर पेढ्या उघडत आणि समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघत. १८६५ मध्ये ते सारे कोसळले. तथापि त्या अनर्थातून शेअरदलालांनी एक धडा घेतला आणि १८७५ मध्ये ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापून आपल्या धंद्याला सभासदत्वाची आणि नियमांची शिस्त लावून घेतली. घरदलालांनी त्याच शहरात, त्याच सुमारास तसे काही केले नाही, आणि कायद्यानेही पुढील जवळजवळ दीडशे वर्षे त्यांना तसे करावयास लावले नाही. या एका उपेक्षेची किंमत किती सामान्य कुटुंबांनी मोजली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कायदे झाले ते कागदाविषयी झाले. १८६४ च्या अधिनियमाने स्थावराच्या दस्तांची नोंदणी सक्तीची होऊ लागली. १८७२ च्या करारविषयक कायद्याने मालक आणि अभिकर्ता यांचे परस्परसंबंध सांगितले. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८९३ पासून मुंबई इलाख्यास लागू झाला आणि १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय पुरी होऊ शकत नाही, हे त्याने निश्चित केले. खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मिळकतीतील किंवा मालकीतील दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे, हेही त्यात आहे. मिरासपत्राखालच्या नांगर-तराजूंची जागा अशा रीतीने निबंधकाच्या शिक्क्याने घेतली. हा पालट योग्य आणि आवश्यकच होता. परंतु निबंधक दस्त नोंदवितो, मालकीची हमी घेत नाही, ही बारीक गोष्ट लोकांच्या ध्यानात नीटशी आली नाही. गावातील साक्षीदार जे सांगत असे, ते सांगणारा आता कोणीही उरला नव्हता. आणि जो मनुष्य घर दाखवावयास बरोबर येतो, किल्ली ज्याच्या हाती असते, मालकाचे नाव जो सलगीने घेतो, तोच ते सांगत आहे, असा समज हळूहळू रूढ झाला. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा गैरसमज तो हाच होय.

त्या समजाला खतपाणी मिळाले ते विसाव्या शतकातील भाडेनियंत्रणाच्या काळात. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाट वस्ती किती प्राणघातक आहे ते दाखविले, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने रस्ते फोडले आणि दादर-माटुंग्याची आखणी केली. तरीही गिरण्यांकडे लोटणाऱ्या माणसांच्या मानाने खोल्या नेहमीच अपुऱ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, भाडी रोखणारा पहिला कायदा आला, आणि १९४७ च्या कायद्याने तर १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाण मानून ते जवळजवळ गोठवून टाकले. भाडेकरूला मिळालेले ते संरक्षण त्या काळच्या टंचाईत न्याय्यच होते. परंतु खोलीचे बाजारातील मोल आणि तिचे कायदेशीर भाडे यांत जे अंतर पडत गेले, ते भरून काढण्यासाठी पागडी अवतरली. आणि मालकाने ती घेणे व जुन्या भाडेकरूने जागा सोडण्यासाठी पैसे घेणे, ही दोन्ही कृत्ये कायद्याने गुन्हा असल्यामुळे तो सारा व्यवहार अंधारात जाऊन बसला.

या अंधारातच घरदलालाचा आधुनिक अवतार घडला, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. गिरगावातील किंवा परळातील एखादी खोली रिकामी होणार, हे प्रथम कळे ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला किंवा चाळीच्या भाडेवसुलीच्या भय्याला. तेथून ती खबर दलालाकडे जाई. दलाल गरजू माणसाला संध्याकाळी, शेजाऱ्यांना फारसा संशय येणार नाही अशा बेताने, पाहुणा म्हणून खोली दाखवावयास नेई. आकडा ठरे तो तोंडी. पैसे मोजले जात ते रोख, आणि पावती मिळे ती मात्र नव्या नावाने फाडलेल्या महिन्याच्या भाड्याची, बारा किंवा पंधरा रुपयांची. कित्येक हजारांच्या पागडीचा त्या पावतीत उल्लेखही नसे. जुना भाडेकरू त्यातील किती घेणार, मालक किती घेणार आणि दलाल किती, हे तिघांपैकी प्रत्येकाला आपल्यापुरतेच ठाऊक असे, आणि पूर्ण बेरीज जाणणारा एकटा दलाल. उद्या मालक उलटला, तर देणाऱ्याच्या हाती कागद नाही. न्यायालयात जावे, तर आपणच बेकायदा व्यवहारात भागीदार असल्याची कबुली द्यावी लागते. अशा स्थितीत ‘मी सांगतो ना’ हे दलालाचे तीन शब्द हाच काय तो दस्तऐवज होता. अनेक दलालांनी तो शब्द पाळला, म्हणून तर ही पद्धती पन्नास वर्षे टिकली. आणि ज्यांनी तो पाळला नाही, त्यांनी बायकोचे दागिने मोडून आणलेले पैसे गिळंकृत केले, आणि त्या कुटुंबांना दाद मागण्यास जागाच नव्हती. पागडीच्या रकमेला कायदेशीर मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या अंधाराला फाटा देऊन दलालावाचून घर मिळविण्याचा एक उदात्त प्रयत्न मुंबईतच त्यापूर्वी झालेला होता. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि सभासदांनी मिळून जमीन मिळवावी, मिळून बांधावे, मिळून सांभाळावे, हा मार्ग तिने दाखविला. येथे खरेदीदार आणि विक्रेता अशी दोन तोंडेच नव्हती, मग मध्ये उभे राहणारा तिसरा कशाला लागावा? जुन्या गोताची साक्ष सहकाराच्या नियमांत बसवून घेतलेली ही रचना होती, तिच्या सद्गुणांसह आणि जातिबद्धतेच्या तिच्या मर्यादेसह. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील वाडे वाहून गेले, त्यानंतर शहराबाहेर ज्या वसाहती उठल्या, त्यांतही सहकारी संस्थांचा मोठा वाटा होता. परंतु सहकाराला वेळ लागतो आणि धीर लागतो. बांधून तयार असलेला किंवा तयार होणार असलेला फ्लॅट विकत घेणे सोपे. बांधकाम करणाऱ्या प्रवर्तकांनी मुंबईत या सोयीचा इतका दुरुपयोग केला, की १९६३ मध्ये महाराष्ट्र शासनाला मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा करावा लागला. जमिनीच्या मालकीची पूर्ण आणि खरी माहिती उघड करावी, लेखी करार केल्याखेरीज किमतीच्या एकपंचमांशाहून अधिक रक्कम घेऊ नये, असे दंडक त्याने घातले. दलालावर मात्र त्यातही कोणतेच बंधन पडले नाही.

मराठी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींतून याच सुमारापासून पुढे जी भाषा रुळली, तिच्यात समाजाचे या माणसाविषयीचे मत पुरते उतरले आहे. चौरस फूट, मजला, पाण्याची सोय, स्टेशनपासूनचे अंतर एवढे सांगून झाल्यावर, जेथे प्रत्येक शब्दाला पैसे पडतात तेथेही, विकणारा दोन शब्द जादा खर्चीत असे: ‘एजंट क्षमस्व’. त्या जाहिरातीला येणारे पहिले दूरध्वनी बहुतेक एजंटांचेच असत, ही गोष्ट वेगळी. विकणाऱ्याला दलाली वाचवावयाची असे, घेणाऱ्यालाही वाचवावयाची असे, आणि तरीही अखेरीस पुष्कळसे व्यवहार दलालामार्फतच होत. कारण विकणाऱ्याच्या दाराशी रोज येणाऱ्या फुकट्या चौकशा आणि घेणाऱ्याचे वाया जाणारे रविवार, यांची किंमत दलालीहून जास्त आहे, असा अनुभव दोघांनाही चार-सहा महिन्यांत येई.

आजही घर घेणारा माणूस याच ठिकाणी उभा असतो. शहराचा कोणता भाग आपल्याला परवडेल, कोणत्या इमारतीत पाणी येते, कोणता विकणारा अडला आहे आणि कोणता नुसता भाव काढतो आहे, हे जाणणारा स्थानिक मनुष्य लाभला तर त्याला सव्वा-दीड टक्का मोजण्यात मला काहीही गैर दिसत नाही. ज्याला आपल्याच सोसायटीत, आपल्याच मामेभावाचे घर घ्यावयाचे आहे त्याला दलाल नको. जो नागपूरहून किंवा परदेशातून येऊन ठाण्यात घर शोधतो, त्याला तो हवा. हा झाला पहिला प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे घर खरोखर कोणाचे आहे याचे उत्तर दलालाकडून घेऊ नये, कारण ते देण्याचे साधन त्याच्यापाशी नाही आणि व्यवहार मोडला तर त्याची दलाली बुडते. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक दोनचे उतारे, मिळकतपत्रिका किंवा सातबारा, सोसायटीचे भागपत्र, इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही, आणि झाली नसल्यास २००८ पासून उपलब्ध झालेल्या मानीव अभिहस्तांतरणाची वाट धरली आहे की नाही, हे स्वतःच्या पैशाने नेमलेल्या वकिलाकडून तपासून घ्यावे. तीस वर्षांचा शोध घेतल्यावर तो वकील वृत्तपत्रात जी जाहीर नोटीस देतो आणि ‘तमाम लोकांना’ अमुक दिवसांच्या आत हरकत कळविण्यास सांगतो, ती नोटीस म्हणजे पेठेतील मजलशीचाच वारसा होय. आणि त्या वकिलाने लिहिलेल्या खरेदीखतात जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप ही सनदांमधली मालिका चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेसही कित्येकदा लावलेली आढळते.

दलालाची नोंदणी अखेर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आली, आणि महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून ‘महारेरा’ तिचा अंमल करू लागले. नोंदणी न झालेल्या प्रकल्पाची विक्री दलालाने करू नये, हिशेबाची पुस्तके ठेवावीत, खोटी विधाने करू नयेत, घेणाऱ्याला कागदपत्रे पाहावयास मिळतील असे करावे, इतके त्याने स्पष्ट सांगितले; आणि २०२३ पासून तर महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली. हे फार पूर्वी व्हावयास हवे होते. मात्र या नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरतीच आहे. डोंबिवलीतील पंचवीस वर्षांच्या इमारतीमधील घर एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला विकावयाचे, आणि मराठी मध्यमवर्गाचे कितीतरी व्यवहार असेच असतात, तेथे दलाल आजही १८७२ च्या करारविषयक कायद्याखालचा साधा अभिकर्ताच आहे. तो कायदा जुना असला तरी दुबळा नाही. ज्या कामासाठी अभिकर्ता नेमला ते काम पुरे झाल्याखेरीज, अन्यथा ठरले नसेल तर, त्याचा मोबदला देय होत नाही. आणि त्याने त्या कामात गैरवर्तन केले, तर त्या भागापुरता तो मोबदल्याला मुकतो. ‘अन्यथा ठरले नसेल तर’ या शब्दांतच सारी मेख आहे. विसार पावती होताच निम्मी दलाली मागण्याची जी वहिवाट पडली आहे, तिला गिऱ्हाइकाने मान डोलावली की ती ठरलेली अट होते. म्हणून घरे पाहावयास निघण्यापूर्वीच दलालाशी एका पानाचा कागद करावा: तो आपल्या बाजूचा की विकणाऱ्याच्या, की दोघांकडून पैसे घेणार, टक्केवारी किती आणि ती कोणत्या रकमेवर, आणि दलाली विसाराच्या दिवशी नव्हे, तर खरेदीखत नोंदले गेल्यावर द्यावयाची. असा कागद करण्यास चांगला दलाल कचरत नाही. आणि जो कचरतो, त्याच्याबरोबर पहिले घरसुद्धा पाहावयास जाऊ नये.